सासूबाईंच्या वाट्याला आलेली गरिबी

सासूबाईंच्या वाट्याला गरिबी आली ती चिठ्ठी उचलून. त्यांनी स्वतः डब्यात हात घालून चिठ्ठी काढली, चष्मा लावून वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी येऊन चपला काढायच्या आत मला म्हणाल्या, "जावईबापू, मला पॉव्हर्टी आलीय."

मी पेपर वाचत होतो. सासूने अशी बातमी दिल्यावर जावयाने चेहरा कसा ठेवावा, याचं शिक्षण कुठेच मिळत नाही. मी पेपराची घडी केली आणि म्हणालो, "आई, आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. वस्तू हवीय."

खुलासा करतो. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी प्रौढांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. प्रौढ म्हणजे सगळेच साठीच्या पुढचे, आणि शिकवणाऱ्या बाई त्यांच्या नातींच्या वयाच्या. या बाई प्रश्नपत्रिका काढत नाहीत. प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर एक इंग्रजी शब्द असतो. त्याचा अर्थ सांगायचा, तो मुळात कुठून आला ते सांगायचं आणि तो शब्द ज्यातून दिसेल अशी एक वस्तू टेबलावर ठेवायची. वस्तू नाही तर नापास. बाईंचं म्हणणं असं की वस्तू समोर असली की माणूस पाठ केलेलं म्हणत नाही, बघून बोलतो. मला ही रीत ऐकताक्षणी आवडली. आमच्या वेळी अशी परीक्षा असती तर मी नापास झालो असतो, पण निदान काहीतरी बघून झालो असतो.

तर कुणाला मेणबत्ती आली, कुणाला खिडकी आली. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त बँक मॅनेजर याच वर्गात आहेत, त्यांना छत्री आली. त्या क्षणापासून लख्ख उन्हात ते छत्री घेऊन जिने चढत-उतरत होते. आणि सासूबाईंना गरिबी.

"बदलून नाही का मिळत?" मी विचारलं.

"मॅनेजर म्हणाले, वाटल्यास अदलाबदल करू. मीच नको म्हटलं. आलीय ती आलीय. छत्रीवर पास होण्यात काय आहे?"

हे बोलायला छान होतं, पण पास होण्याला फार किंमत होती. सासूबाई या वर्गात याआधी दोनदा बसल्या होत्या. पहिल्यांदा नेमकं परीक्षेच्या आठवड्यात त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यांदा तेव्हाच्या शिक्षकांचं लग्न ठरलं आणि ते सगळ्या प्रौढांना वाऱ्यावर सोडून निघून गेले. पास झालं तर वरचा वर्ग. नाही तर पुन्हा पुस्तकाचं पहिलं पान.

"मी तिसऱ्यांदा ए फॉर अ‍ॅपल म्हणणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "सफरचंदाचा वीट आलाय मला."

"पण एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, आई?"

"तुम्ही आणि तो डॉक्टर माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून माझ्या पित्ताशयाबद्दल इंग्रजीत बोलत होतात. पित्ताशय माझं. मला वरच्या वर्गात जायचंय. तिथे डॉक्टरांशी बोलायला शिकवतात."

अशा वेळी गप्प बसणारी माणसं पुढे मोठ्या पदांवर जातात. मी म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका. मी बघतो."

'मी बघतो' म्हटलं की माझी बायको हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते. याआधी मी न्हाणीघरातला नळ बघितला आहे, गॅलरीतली कबुतरं बघितली आहेत आणि तिच्या भावाच्या गाडीचा विमाही बघितला आहे. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आई, तू स्वतःच कर गं."

"करू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं."

घेतलं होतं हे खरं. त्यानंतर ते कुणी परत मागितलं नाही, म्हणून मी जपून ठेवलं होतं इतकंच.

पहिला प्रश्न शब्दाच्या मुळाचा. बाईंची अट अशी की मूळ मोबाईलमधून उचललेलं चालणार नाही, ग्रंथात बघितलेलं हवं. वाचनालयात एक मोठा, अनेक खंडांचा इंग्रजी कोश आहे. मी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्याच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. ओ होता. क्यू होता. मधल्या जागेत एक झुरळ होतं.

"पी बाइंडिंगला गेलाय," ग्रंथपाल म्हणाले.

"कधी येईल?"

"गेलाय एवढं माझ्याकडे आहे. यायचं बाइंडरकडे आहे."

"दुसरा एखादा कोश?"

"दुसरा आहे ना. संदर्भ विभागात. पण संदर्भ विभागाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत." माझा पडलेला चेहरा बघून त्या भल्या माणसाला राहवलं नाही. ते पुढे वाकून म्हणाले, "दुसऱ्या अक्षराचा शब्द का घेत नाही? आमचा एम फार सुंदर आहे."

मी बाइंडरचा पत्ता घेतला. बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, खळीच्या वासाची, आणि भिंतीला टेकून अर्ध्या कपड्यांत बसलेली पुस्तकं. पी सुटा झाला होता. त्याची पानं गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वेगळी केलेली होती. काही शिवून तयार होती, काही लोखंडी दाबयंत्रात होती.

"कुठला शब्द?" बाइंडरने हातातली सुई न थांबवता विचारलं.

"पॉव्हर्टी."

"ती दाबाखाली आहे," तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आज निघणार नाही. पीए चालेल का? पीए मोकळा आहे."

मला पीए, म्हणजे पी-एने सुरू होणाऱ्या शब्दांचा गठ्ठा, चालला. इतकंच नव्हे, त्यातच 'पॉपर' हा शब्द होता, म्हणजे कंगाल माणूस, आणि तोच पॉव्हर्टीचा जवळचा नातेवाईक निघाला. मी खळीच्या बादलीशेजारी उभा राहून वाचू लागलो. वाचता वाचता मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. पॉव्हर्टी इंग्रजीत आली ती फ्रेंचांच्या घरून आणि फ्रेंचांकडे आली ती लॅटिनमधून. लॅटिन शब्द बहुधा दोन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा म्हणजे 'थोडं'. आपण ज्याला इंग्रजीत फ्यू म्हणतो त्याचा हा लांबचा चुलतभाऊ. दुसरा तुकडा म्हणजे मिळवणं किंवा निपजवणं. एकूण अर्थ, ज्याच्याकडून थोडंच निपजतं तो. काही विद्वानांचा अंदाज असा की हा शब्द आधी माणसाला लावत नसत, जमिनीला आणि गुराढोरांना लावत. थोडं पिकवणारं शेत, थोडं दूध देणारी गाय. माणसाचा नंबर नंतर लागला.

"कळलं का?" बाइंडरने विचारलं. मी सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "शेतावरनं आलाय होय शब्द." मग पुन्हा सुई चालू. ज्या माणसाने एवढे कोश शिवले आणि तरी दर वेळी नवल वाटून घेतलं, त्याच्याविषयी मला आदर वाटतो. मला तर साधा मोबाईल दुसऱ्यांदा बघितला तरी नवल वाटत नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंचं भाषण लिहायला घेतलं. सुरुवात रोमन साम्राज्यापासून केली. साम्राज्य फार पसरायला लागलं म्हणून ते खोडलं आणि मानवाच्या उत्क्रांतीपासून केली. ती आणखीच पसरली. रोज ऑफिसमधून आलो की मी टेबलापाशी बसे आणि सासूबाई पाय न वाजवता मागून चहा ठेवून जात. भाषणाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. घरात लेखक असल्यासारखी शांतता होती.

मग वस्तू. आमच्या घरात गरिबी दिसेल अशी एकही वस्तू नव्हती. श्रीमंती दिसेल अशीही नव्हती. मध्यमवर्गीय घर म्हणजे वॉरंटी नुकतीच संपलेल्या वस्तूंचं घर. म्हणून मी समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर दंतवैद्य राहतात.

"डॉक्टर, तुमच्याकडे गरिबीची एखादी वस्तू असेल का?"

दंतवैद्य माझ्याकडे जबड्याचा एक्स-रे बघावा तसे बघू लागले. "आमच्याकडे?" ते म्हणाले. "तुम्हाला आमच्याकडेच का यावंसं वाटलं?"

मी परीक्षेची हकीकत सांगितली. ते 'बघू' म्हणून दार लावून आत गेले. मी अपमान गिळून चपला काढतोय तोवर आमच्याच दाराची बेल वाजली. दंतवैद्य, आणि त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेली अर्धी पाटी.

"ही बघा," ते गहिवरून म्हणाले. "आम्ही दोघे भाऊ. पाटी एकच. शेवटी वडिलांनी ती मधोमध मोडली, अर्धी त्याला, अर्धी मला. आमच्यासारखी गरिबी तुम्ही पाहिली नसेल."

माझी चूक इथे झाली. मी ही हकीकत जिन्यात मॅनेजरांना सांगितली.

"अर्धी पाटी?" मॅनेजर छत्री टेकून उभे राहिले. "म्हणजे पाटी होती तर." आणि तासाभरात ते एक स्टूल घेऊन आले. स्टुलाला तीन पाय होते. "चौथा पाय म्हणजे माझा गुडघा," ते म्हणाले. "असा गुडघा लावून मी सबंध शाळा काढली. दंतवैद्यांना सांगा."

दंतवैद्यांना सांगायची गरज पडली नाही. ते दारात उभेच होते. त्यानंतर काय झालं ते आपल्यातला कुणीही ओळखेल. आपल्या माणसाला आज किती कमावतो म्हणून विचारा, तो विषय बदलेल. लहानपणी किती हाल काढले म्हणून विचारा, तो तुम्हाला जेवायला थांबवून घेईल. एकामागून एक वस्तू येऊ लागल्या. ठिगळांवर ठिगळं लावलेली, मूळ कापड आता कुठे आहे हे सांगता येणार नाही अशी गोधडी. फुटक्या काचेचा कंदील. एकाच डोळ्याला काच असलेला चष्मा, जो म्हणे काका आणि पुतण्या आळीपाळीने वापरत, दोघांचे वेगवेगळे डोळे अधू असूनही. प्रत्येक वस्तूबरोबर तिचा मालक आणि मालकाबरोबर भाषण. इमारतीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले की सर्वात अस्सल गरिबी कुणाची हे ठरवायला समिती नेमावी, नाहीतर भांडणं होतील. आणि जाता जाता त्यांनी स्वतःचा चेपलेला तांब्या हळूच टीव्हीवर ठेवला.

या सगळ्या गर्दीत सासूबाई सोफ्याच्या कोपऱ्यात बसून प्रत्येकाचं अगदी मनापासून ऐकत होत्या. मला सात जन्मांत इतकं ऐकता आलं नसतं. ऐकून झालं की त्या एकच प्रश्न विचारत. "मग पुढे काय झालं?"

"पुढे शिष्यवृत्ती मिळाली," दंतवैद्य म्हणाले. "मग दवाखाना टाकला. आता काय, सगळं व्यवस्थित आहे."

"म्हणजे गेली ना ती गरिबी?"

"गेली म्हणजे, केव्हाच गेली."

"मग ही वस्तू गरिबीची नाही," सासूबाई म्हणाल्या. "ही गरिबी गेल्याची आहे."

दंतवैद्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा झाला. मॅनेजर जोरात हसले, मग स्टुलाकडे बघून हसायचे थांबले. मी खोलीभर पसरलेल्या त्या सामानाकडे पाहिलं. सासूबाई खरं बोलत होत्या. हे सगळे करंडक होते. जिंकलेल्या स्पर्धेचे.

"पण आई," मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "असं काटेकोर राहिलं तर वस्तू मिळायची कशी? उद्या परीक्षा आहे. एखादी घ्या चालवून. पाटी घ्या."

"बघू," त्या म्हणाल्या. "चष्मा मला जरा बरा वाटतोय."

आता तळमजल्याच्या काकूंबद्दल. या काकू नव्याने राहायला आलेल्या, मायाळू आणि कमी ऐकू येणाऱ्या. त्यांच्या खिडकीतून जिना दिसतो. इमारतीतले लोक फाटक्या गोधड्या आणि मोडकी स्टुलं घेऊन आमच्याकडे चाललेत, हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. चांगली माणसं विचारत नाहीत, करतात. पहिल्या दिवशी त्यांनी झाकण घालून भाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिवंगत यजमानांचा स्वेटर. आणि परीक्षेच्या दिवशी दुपारी, मी मुद्दाम रजा टाकून घरी होतो तेव्हा, साहाय्य कार्यालयातून एक गृहस्थ आले.

"या पत्त्यावर एक कुटुंब हलाखीत असल्याची सूचना आहे," ते म्हणाले. काखेत फाइल, गळ्यात ओळखपत्र, आवाजात माया. "घाबरू नका. बसू का?"

मी होय म्हणायच्या आत ते स्टुलावर बसले. त्या स्टुलाच्या चौथ्या पायाचं रहस्य त्यांना ठाऊक नव्हतं. ते फाइलसकट जमिनीवर आले. मी धावलो, पण ते मोठ्या धीराचे होते. त्यांनी तिथेच बसून पेन काढलं आणि लिहिता लिहिता पुटपुटले, "बसण्यास सुरक्षित साधन नाही."

"अहो, तसं नाहीये," मी म्हणालो. "आमच्याकडे गरिबी नाही. ती आमच्या सासूबाईंना परीक्षेसाठी हवीय."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असंच म्हणतात सगळे. कुणी नाटकाचं सामान म्हणतं, कुणी रंगकाम चाललंय म्हणतं. लाज वाटते माणसाला. कंदिलावरच भागवता का?"

खरं सांगतो, माझ्या अडचणीबद्दल इतक्या हळुवारपणे आजवर कुठल्याही कार्यालयाने मला विचारलं नव्हतं. मग ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. त्यांनी फ्रिज पाहिला. वॉशिंग मशीन पाहिलं. भिंतीवरचा ओव्हन पाहिला. आणि त्यांनी फाइल बंद केली.

"माफ करा," ते म्हणाले. आवाजातली माया गेली होती. "तुम्ही यात बसत नाही."

"का नाही बसत?"

हा प्रश्न माझ्या तोंडून का गेला हे मला अजून कळलेलं नाही. पण इतक्या वर्षांत मी ज्यात ज्यात बसत नाही त्यांची मोठी यादी झाली आहे. आता गरिबीनेही नाकारावं? "फ्रिज आहे खरा," मी म्हणालो, "पण तो रात्रभर कण्हतो. मशीन फिरतं, पण कपडे ओलेच निघतात. ओव्हनचं दार दोरीने बांधलंय, नीट बघा."

"अहो," बायको आतून म्हणाली, "तुम्ही काय मागताय त्यांच्याकडे?"

एव्हाना दारात गर्दी जमली होती. दंतवैद्य, मॅनेजर, सेक्रेटरी, चष्म्याचे काका, गोधडीच्या मालकीणबाई. गृहस्थांनी खोलीभर नजर फिरवली. "पण या वस्तू कुणाच्या तरी आहेतच," ते म्हणाले. "इमारतीत गरजू कुटुंबं आहेत हे उघड आहे. कुणाची काय, सांगा. मी लगेच घरी भेट देतो. ही पाटी कुणाची?"

सगळे छताकडे बघू लागले.

"पाटी कुणाची?"

"मला काय माहीत," दंतवैद्य म्हणाले. "आमच्याकडे वह्या असायच्या."

"आणि हे स्टूल?"

"मी आजच बघतोय," मॅनेजर म्हणाले. "आमच्याकडे पहिल्यापासून खुर्च्या."

गोधडीच्या बाईंनी आपण इथे फक्त पत्ता विचारायला थांबलोय असं सांगितलं. सेक्रेटरी तांब्याच्या पुढे येऊन उभे राहिले, तो दिसू नये म्हणून. गृहस्थ शेवटी कमरेला हात लावत निघून गेले. आणि मग एकेक जण, एकमेकांकडे न बघता, 'हे चुकून इकडे आलेलं दिसतंय' असं म्हणत आपली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. चष्म्याच्या काकांनी चष्मा खिशात घालताना मला सांगितलं की तो खरं तर त्यांच्या सासरचा आहे. तासाभरात आमच्या बैठकीतली गरिबी पूर्णपणे नाहीशी झाली. हे काम इतक्या वेगाने कुणाला जमल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाकी होता तळमजल्याच्या काकूंचा स्वेटर. तो तर नवा कोरा होता.

सासूबाई हे सगळं सोफ्याच्या त्याच कोपऱ्यातून बघत होत्या. परीक्षेला दोन तास होते.

"आई, रिकामा डबा ने," बायको म्हणाली. "लगेच कळेल सगळ्यांना."

"रिकामा डबा उद्या भरतो. बाईही विचारतील, मग पुढे काय झालं?" त्या माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, भाषण झालं का लिहून?"

मी कागद दिला. सासूबाईंनी तो वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"अर्धं पान?"

"अक्षर बारीक आहे," मी म्हणालो.

त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कागद घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

मला बरं वाटलं. अशा प्रसंगी आपलं माणूस जवळ असावं असं त्यांना वाटलं, असा मी अर्थ घेतला आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

वर्गात एका लांब टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. प्रत्येक वस्तूला कागदाची चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर इंग्रजीत तो शब्द, ज्याने त्याने बाईंसमोर लिहिलेला; स्पेलिंगला वेगळे गुण. मॅनेजरांनी छत्री खोलीतच उघडली आणि लॅटिनमधल्या सावलीपासून सुरुवात केली. छान बोलले. टाळ्या झाल्या. मग बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाई उठल्या. "कम," त्या मला म्हणाल्या.

मी उठलो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला मेणबत्ती आणि छत्री यांच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर उभं केलं.

"धिस इज माय ऑब्जेक्ट," सासूबाई म्हणाल्या.

मॅनेजर जागेवरून उठले. "बाई, हे नियमात बसत नाही. वस्तू म्हणजे निर्जीव हवी."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मराठीत विचारलं, "तुमची हरकत आहे का?"

समोर बसलेले प्रौढ मान लांब करून बघत होते. माझ्या ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीकडे बघत ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य जुळवत होत्या. परवानगी मिळणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "चालू द्या."

मग सासूबाई इंग्रजीत बोलल्या. सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवून मग दुसरा उचलावा तशा. मी लिहिलेल्या कागदातली माहिती तेवढी घेतली होती, वाक्य एकही नव्हतं. त्या म्हणाल्या, हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा जुना अर्थ, थोडं निपजवणारा. आधी कदाचित शेताला म्हणत, गाईला म्हणत. आमच्या इमारतीतल्या लोकांनी मला पुष्कळ वस्तू दिल्या. जोवर गरिबी जुनी होती तोवर ती सगळ्यांची होती. आज दुपारी एका माणसाने विचारलं, ही कुणाची? तर कुणाचीच नाही. मला वाटलं, हा शब्द आता लोक लपवतात. पण जुन्या अर्थात लपवण्यासारखं काही नाही. थोडं पिकलं म्हणून शेताला कुणी रागावत नाही.

इथे त्या थांबल्या आणि पर्समधून कागद काढून त्यांनी उलगडून धरला.

"माय सन-इन-लॉ," त्या म्हणाल्या. "ही हॅज कॉलेज. ही हॅज लायब्ररी. एव्हरी इव्हिनिंग टी. आणि एवढ्यातून," मराठीत घसरल्या, पुन्हा सावरल्या, "हाफ पेज."

वर्ग असा हसला की छत्री टेबलावरून पडली. मी त्या सगळ्यांपेक्षा उंच उभा होतो, त्यामुळे मला प्रत्येकाचे दात दिसत होते. आणि तरी सांगतो, माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच आलं की बाइंडरकडे उभा राहून मी जे नुसतं वाचलं होतं, ते सासूबाईंना कळलं होतं.

"म्हणजे तुमचे जावई गरीब आहेत का?" बाईंनी हसू आवरत इंग्रजीत विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, बाजारात वांगं बघावं तसं.

"ओन्ली इन लॅटिन," त्या म्हणाल्या.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आता चिठ्ठी." सासूबाईंनी जाड निळं पेन घेतलं. याआधी मी त्यांना इंग्रजी लिहिताना पाहिलं होतं ते पुस्तकावर एक डोळा ठेवून, एकेक अक्षर मोजून. त्या दिवशी त्या कुठेच बघत नव्हत्या. पी, ओ, व्ही, असं करत त्या वायपर्यंत गेल्या, कागद हातभर लांब धरून बघितला आणि टाचणीने माझ्या शर्टाच्या खिशावर लावला. टाचणी जरा आत गेली. वस्तूने तक्रार करायची नसते म्हणून मी केली नाही.

निकाल तिथेच लागला, वरचा वर्ग. बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. सासूबाई माझ्यापुढे दोन पावलं चालत होत्या. वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या, मोठ्याने, आणि एखादी अडली तर मला न विचारता पुन्हा पहिल्यापासून. समोरून येणारी माणसं आधी माझ्या खिशाकडे बघत, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि बाजूला होऊन वाट देत.

कोपऱ्यावर सासूबाई थांबल्या आणि मागे वळल्या. "अहो, काढा ते आता. लोक बघतायत."

मी खाली मान घालून पाहिलं. एका ओळीत, एका उंचीची, कुठेही न अडखळलेली अक्षरं.

"राहू दे, आई," मी म्हणालो. "शाई ओली आहे अजून."

ती केव्हाच वाळली होती.